झिपरीच्या पोटाचे प्रकरण

२४ नोव्हेंबर १९५८

साधनाला घेऊन आज दुपारी तिच्या सासरहून, उकव्याहून परत आलो. जावई चैतराम बसपर्यंत पोचवायला आले होते. खाणीत रजा मिळत नाही म्हणाले. खिडकीपाशी उभे राहून त्यांनी साधनाच्या ओंजळीत संत्री ठेवली आणि मला म्हणाले, "मामाजी, तिले काही दिवस राहू द्या." मग दोघा पुरुषांनी मिळून बसच्या टायरकडे फार लक्षपूर्वक पाहिले.

जे झाले त्याविषयी इथे लिहायचे नाही असे ठरवले आहे. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी आणायचे म्हणून घरात तयारी चालली होती. त्याआधीच ती तिकडे बाळंत झाली आणि मूल जगले नाही. तिची आई दुर्गाबाई तेव्हा धावत गेली होती. मी परीक्षेचे कारण सांगून घरी राहिलो. परत आल्यावर तिने फारसे सांगितले नाही आणि मी विचारले नाही. झाले, लिहायचे नाही म्हणता म्हणता इतके लिहिले. मास्तरांना थांबता येत नाही.

घाटात साधनाला दोनदा ओकारी झाली. पोट पार बिघडले आहे. दुर्गाबाईने ओवा दिला. आमची कुत्री झिपरी साधनाच्या पायाशी जी बसली ती उठलीच नाही.

२६ नोव्हेंबर

शाळेत आज पुन्हा शोभा. मी अकोल्याकडचा मराठीचा मास्तर. बायकोचे माहेर कटंगीचे, तिला जवळ पडेल म्हणून हौसेने बालाघाटला बदली मागून घेतली आणि पुढच्याच वर्षी राज्यांची वाटणी झाली. मी जागचा हललो नाही, राज्य मात्र पायाखालून सरकले. आता मराठीचा एकच वर्ग उरला आहे आणि उरलेला वेळ मी हिंदीतून भूगोल शिकवतो. भूगोलाला इतके दुःख कोणी दिले नसेल.

परवा पोरे नकाशा काढताना खिदळत होती. मी दरडावले, "चेष्टा मत करो!" सगळी चिडीचूप. तासाच्या शेवटी पाहतो तर सगळ्यांचे कागद कोरे. आज हेडमास्तरांनी बोलावून समजावले की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी चाळीस पोरांना प्रयत्न करू नका असे बजावले होते आणि माझी आज्ञा इतकी तंतोतंत आजवर कोणी पाळली नव्हती.

२८ नोव्हेंबर

शेजारचे दुलीचंद बांबूच्या ठेकेदाराकडे मुनशी आहेत. माणूस भला, पण चौकशा फार. साधना आल्यापासून मी त्यांना टाळत होतो, कारण ते 'ती' गोष्ट विचारणार आणि मला उत्तर सुचणार नाही. आज सकाळी कुंपणापाशी त्यांनी गाठलेच.

"मास्टरजी, बिटिया पेट से थी न? क्या हुआ?"

त्यांनी फक्त पोटाचे विचारले हे पाहून माझ्या जिवात जीव आला. परवापासून पोट ठीकच आहे. मी मोकळ्या मनाने, माझ्या उत्तमातल्या उत्तम हिंदीत सांगितले, "हां जी, लेकिन अब सब साफ हो गया. बहुत अच्छा हुआ. जान छूटी!"

दुलीचंद माझ्याकडे बघतच राहिले. माझे हिंदी इतके सफाईदार होईल असे त्यांना वाटले नसावे. साधना मागे दोरीवर लुगडे वाळत घालत होती. ते तिच्या हातून मातीत पडले आणि न उचलताच ती आत गेली. अशक्तपणा अजून आहे.

३ डिसेंबर

साधना माझ्याशी बोलत नाही. अगदीच नाही असे नाही. "जेवण वाढलं" म्हणते, पण ते ताटाकडे पाहून. पहिले तीन-चार दिवस तरी माझ्याजवळ येऊन बसायची. दुर्गाबाईला विचारले तर म्हणाली, "मले काय विचारता? तिले विचारा." तिला विचारायला मी तिच्या खोलीपर्यंत गेलो आणि घड्याळाला किल्ली देऊन परत आलो.

ती बोलते ती झिपरीशी. कोठीच्या उंबऱ्यावर बसून हळू आवाजात दोघींचे काहीतरी चाललेले असते. मी दिसलो की दोघी गप्प होतात.

११ डिसेंबर

झिपरीचे काहीतरी बिनसले आहे. अन्नाला तोंड लावत नाही. कोठीतल्या जुन्या खाटेखाली शिरते, नखांनी जमीन उकरते, गोणपाट फाडून त्याचा ढीग करते आणि त्यावर गोल फिरत राहते. माझा एक लोकरीचा मोजा नाहीसा झाला आहे. आज खाली वाकून पाहिले तर माझ्यावर गुरगुरली. चार वर्षे माझ्या हातची भाकर खाल्लेली कुत्री! घरातल्या बायकांनी माझ्याविरुद्ध काही ठराव केला असावा आणि त्यात तीही सामील झाली, असे क्षणभर वाटले.

१४ डिसेंबर

मनात आलेला शब्द लिहूनच टाकतो. पिसाळणे. अंधारात लपणे, गुरगुरणे, अन्न सोडणे, सगळी लक्षणे जुळतात. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आज शास्त्रीय परीक्षा घेतली. पाण्याने भरलेला तांब्या घेऊन खाटेखाली वाकलो. ती गुरगुरली, मी मागे सरकायला गेलो आणि तांब्या तिच्या डोक्यावर उपडा झाला. ती किंचाळून कोपऱ्यात गेली. परीक्षेचा निकाल स्पष्ट होता.

दुर्गाबाई म्हणाली, "अंगावर असं पाणी फेकलं तं कुत्रं काय, मी बी भुकन!"

मी हसलो नाही. खरेच पिसाळली असेल तर तिला मारावे लागेल. आणि या घरात साधना एकट्या तिच्याशीच बोलते. उद्या झिपरी गेली तर माझी मुलगी कोणाशी बोलेल? मग ती पूर्ण मुकी होऊन बसली तर?

१६ डिसेंबर

दुलीचंदांच्या कानावर गुरगुर गेली. "कुतिया पगला गई है, मास्टरजी. घर में बिटिया है, कुछ हो गया तो? गोली वालों को बोल दूं?" गोळीवाले म्हणजे विषारी गोळ्या टाकून कुत्री मारणारे. मी म्हणालो, आधी डॉक्टरांना दाखवतो.

जनावरांच्या दवाखान्यातले घनश्याम डॉक्टर जबलपूरकडचे. गरीब स्वभावाचे आहेत. संध्याकाळी सायकलवरून घरी आले. झिपरी त्यांना जवळ येऊ देईना, तेव्हा दुरूनच बॅटरीचा उजेड पाडून त्यांनी खाटेखाली नीट पाहिले आणि हसले.

"पागल-वागल कुछ नहीं है. पेट से है."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. पिसाळलेली नाही! नुसते पोटाचे आहे! मी विचारले, "फिर दवा?"

"दवा काहे की? खिलाइए-पिलाइए. पंद्रह-बीस दिन में सब बाहर आ जाएगा."

पोट साफ व्हायला वीस दिवस म्हणजे फारच झाले, पण जनावराची आतडी लांब असतील. जाताना डॉक्टरांनी कोणा कुत्र्याची भेट झाली होती का, असेही विचारले. मी अभिमानाने सांगितले की कोजागिरीच्या सुमारास गल्लीतले यच्चयावत कुत्रे दारात मुक्कामाला आले होते, तेव्हा मी हिला कोठीत कोंडून वर कुलूप लावले होते. ते पुन्हा हसले. पोटाच्या आजाराशी त्याचा काय संबंध ते त्यांचे त्यांना माहीत.

१८ डिसेंबर

'खिलाइए-पिलाइए' हे हिंदी लोकांचे शिष्टाचाराचे बोलणे असणार. पोट बिघडल्यावर कोणी खायला घालते का? मी माझ्या आजोबांच्या पद्धतीने लंघन आणि एरंडेल सुरू केले. म्हणजे करणार होतो. एरंडेलाची बाटली आणि चमचा घेऊन कोठीकडे निघालो तोच दुर्गाबाईने वाट अडवली.

"काय आहे थे?"

"एरंडेल. डॉक्टर म्हणाले पोटाचं आहे."

तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "तिच्या पोटाचं तुमी नोका पाहू. मी पाह्यतो. आन् हे पाहा, साधनासमोर कुत्रीच्या पोटाच्या गोष्टी बिलकुल काढू नका."

"काहून?" मीही तिच्या भाषेत विचारले.

"नोका काढू म्हटलं ना!"

जुलाब-बिलाबाची चर्चा तरण्या मुलीसमोर बरी नव्हे, असे तिला वाटत असेल. बायकांचे सोवळे काही वेगळेच. तिने मात्र झिपरीला दूध-भाकर कुस्करून घातली, वर गूळही. माझ्या डोळ्यांदेखत पथ्याचा सत्यानाश झाला.

२३ डिसेंबर

आज एक गोष्ट झाली. माझा मोजा परत मिळवायचाच म्हणून एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताला टॉवेल गुंडाळून मी खाटेखाली सरपटत गेलो. झिपरी कुशीवर पडली होती. पोटाशी माझा मोजा होता, 'सरल हिंदी' या माझ्या पुस्तकाचा अर्धा भाग होता (उरलेला तिने पचवला असावा, तिला माझ्याहून चांगले हिंदी येईल) आणि एक लहानसे टोपडे होते, पांढरे, लाल काठाचे. ती ते चाटत होती. चाटून चाटून ओले केले होते.

हे टोपडे दुर्गाबाईने दसऱ्याला शिवले होते. मी सुईत दोरा ओवून दिला होता. नंतर तिने ते पेटीच्या तळाशी टाकले, ते कुत्रीने कसे शोधले कोण जाणे. मी बाहेर आलो तर दारात दुर्गाबाई आणि तिच्या मागे साधना. दोघींना ते दिसले होते. दुर्गाबाई भिंतीला धरून खाली बसली. साधना माझ्या अंगावरून पलीकडे गेली, खाटेशी मांडी घालून बसली आणि झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला. झिपरी तिच्यावर गुरगुरली नाही.

मी मोजा न घेताच आलो. याविषयी इथे लिहायचे नाही.

२ जानेवारी १९५९

आज माझ्या मूर्खपणाची परमावधी झाली. पुढे याहून मोठा मूर्खपणा करायला मला जागाच उरलेली नाही.

सकाळी दुलीचंद कुंपणापाशी हसतमुखाने उभे. "मास्टरजी, डॉक्टर साहब ने बताया. पेट से थी तो पहले बोलना था! हम खामखा गोली की बात कर रहे थे. एक पिल्ला हमको दीजिएगा."

"पिल्ला? कैसा पिल्ला?"

"अरे, पेट से है तो पिल्ले ही होंगे, और क्या, हाथी होगा?"

मी म्हणालो, पण तिचे तर पोट बिघडले आहे. दुलीचंदांनी कपाळाला हात लावला. मग एखाद्या ढ मुलाला शिकवावे तसे सांगितले, "पेट से माने गाभिन. औरत हो तो मां बनने वाली. पेट से."

मी हो हो म्हणत हसलो. कुत्री गाभण आहे आणि मी तिला एरंडेल पाजायला निघालो होतो! हे हेडमास्तरांना सांगितले तर पगारवाढ थांबेल, असा काहीतरी विनोदही मनात जुळवू लागलो. आणि मग मला ती दुसरी सकाळ आठवली. याच कुंपणापाशी. 'बिटिया पेट से थी न? क्या हुआ?' आणि मी म्हणालो होतो, सब साफ हो गया. बहुत अच्छा हुआ. जान छूटी.

साधना लहानपणी कटंगीला मामाकडे होती. तिला हिंदी पाण्यासारखे येते. ती तिथेच उभी होती.

शाळेत गेलो नाही, खोटे कसे बोलू, जाता आलेच नाही. घरात येऊन सरळ कोठीत गेलो. साधना झिपरीजवळ होती. तिच्या डोळ्यांना डोळा देण्याची हिंमत होईना, म्हणून मी खाटेखाली तोंड घालून कुत्रीलाच सांगायला सुरुवात केली, "झिपरे, मला वाटलं पेट से म्हणजे पोटाचा आजार. बसमध्ये ओकारी झाली होती ना, त्याचं विचारतात असं वाटलं. मला खरंच माहीत नव्हतं. गळ्याशपथ. मला हिंदी येत नाही, झिपरे. मी लोकांना नुसतं दाखवतो."

मग साधनाचा आवाज आला. "बाबा, तुमी तिले तेल काहून पाजाले निघालते?"

"पोट साफ व्हावं म्हणून."

तिने पदर तोंडात कोंबला. ती हसत होती की रडत होती ते मला खाटेखालून दिसले नाही. दोन्ही असावे. मग म्हणाली, "मले वाटलं, तुमाले बरंच वाटलं. म्हटलं, एक झंझट गेली म्हणत असतीन." मी म्हणालो, नाही गं बाई, नाही. इतकी वर्षे मराठी शिकवतो आणि नेमके तेव्हा तीही आटली.

५ जानेवारी

साधना आज ताटाकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली, "जेवण वाढलं." मी भात जास्त खाल्ला. पिल्लांची वाट पाहणे चालू आहे. दुर्गाबाईला धास्ती आहे की पिल्ले झाली की साधनाला पाहवणार नाही. मलाही आहे, पण मी पिल्लांसाठी गवत आणून ठेवले.

११ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटून गेले तरी काही नाही. आज त्यांना पुन्हा बोलावले. साधनाने झिपरीला धरून ठेवले तेव्हा ती शांत राहिली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, पुन्हा दाबले, आणि मान हलवली. मग भराभर हिंदीत सांगू लागले. या खेपेला मी शहाणा झालो होतो. माझ्या हिंदीवर माझा काडीचा भरवसा नव्हता. मी म्हणालो, "साधना, नीट ऐक आणि मला मराठीत सांग. चूक नको व्हायला."

ती एकेक वाक्य सांगत गेली. भिंतीकडे पाहून.

"ते म्हणतात, पोटात काहीच नाई. रिकामं आहे."

"ते म्हणतात, कधी कधी असं होते. शरीराले वाटते, लेकरू आहे. दूध बी येते."

"ते म्हणतात, जवळ जे सामान घेऊन बसली आहे ना, थे उचलून घ्या. मंग चार-आठ दिवसांत दूध आटते. विसरून जाईन ते."

दुसऱ्या वाक्यालाच मला कळले होते की मी तिच्याकडून काय वदवून घेतो आहे. थांब म्हणायला हवे होते. ती मात्र शेवटपर्यंत सांगत गेली, एकही शब्द न गाळता. डॉक्टर गेले. त्यांना फाटकापर्यंत पोचवायचेही मला सुचले नाही.

आता काहीतरी उपयोगाचे करावे म्हणून मी खाटेखाली हात घातला. निदान उपचार तरी नीट व्हावा. साधनाने माझे मनगट धरले.

"आज नोका उचलू, बाबा. राहू द्या दोन दिवस."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"माह्यापासून तं तवाच्या तवा उचललं होतं. पाहू नोको, पाहू नोको, साऱ्या म्हणत होत्या. म्हणे, पाह्यलं नाई तं लवकर विसरशीन."

झिपरी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मी खाली बसलो. माझ्या गुडघ्यांना सवय नाही, पण बसलो. इतके दिवस जे विचारायला मला दिवसच सापडत नव्हता, ते विचारले.

"तू पाहिलंस का?"

"पाह्यलं. मी काय आयकतो?"

"काय होतं?"

"पोरगी." मग म्हणाली, "इतके केस होते, बाबा! काळेभोर. कपाळावर आल्ते. आन् बोटं लांब लांब, तुमच्यावानी. मी मूठ उघडून पाह्यली."

मी माझ्या बोटांकडे पाहिले. बासष्टाव्या वर्षी माणूस म्हातारा दिसतो, मी एकोणपन्नासाव्या वर्षीच दिसतो, पण बोटे खरोखरच लांब आहेत. कोणाला तरी ती मिळाली होती. मला रडू आवरले नाही, आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. साधना सांगत राहिली. कान कसे होते, रंग कोणासारखा, हनुवटीला खळी होती की तिला तसे वाटले. दुर्गाबाई चुलीपाशी होती ती येऊन दारात उभी राहिली, मग आत येऊन लेकीला टेकून बसली. तिने ते मूल हातात घेतले होते. तीही सांगू लागली. आत भात लागल्याचा वास आला तरी कोणी उठले नाही.

शेवटी साधना म्हणाली, "तिचं नाव ठेवाचंच राह्यलं. मनात हाक मारतो तं काय म्हणू, समजत नाई. तुमी ठेवा, बाबा."

मी विचार करू लागलो. तिने पदराने नाक पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"पण मराठीच ठेवजा हं. हिंदीतलं नोको."

मी हौ म्हणालो.